जुन्या ट्रकचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर: बदलण्याआधी काय तपासावे, बदलताना काय सांभाळावे

इंजिनाच्या धुरातील विषारी वायू निरुपद्रवी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये हलणारा एकही भाग नसतो. त्याला वंगण लागत नाही, त्याची जुळणी करावी लागत नाही, आणि इंजिन निरोगी असेल तर तो ट्रकच्या बरोबरीने म्हातारा होतो. त्यामुळे जुन्या ट्रकचा कन्व्हर्टर निकामी झाल्याचे कळले, की ‘याला कशाने मारले’ हा प्रश्न आधी विचारावा आणि ‘नवा कोणता घ्यावा’ हा नंतर. हा क्रम उलटा केला, तर ज्या कारणाने जुना गेला त्याच कारणाने नवाही जातो, आणि पुष्कळदा तो पहिल्यापेक्षा लवकर जातो, कारण पर्यायी कन्व्हर्टरमध्ये मौल्यवान धातूंचे प्रमाण मूळ भागापेक्षा बहुधा कमी असते.

पुढील विवेचन मुख्यतः पेट्रोलवर किंवा वायूवर चालणाऱ्या, इंधन-इंजेक्शन असलेल्या जुन्या ट्रकसाठी आणि पिकअपसाठी आहे. कार्ब्युरेटरच्या आणि डिझेलच्या वाहनांबद्दल वेगळे सांगण्यासारखे जेवढे आहे, तेवढे त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

आत काय घडते

पोलादी कवचाच्या आत सिरॅमिकची एक वीट असते आणि तिच्यात मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या बारीक, आरपार नळ्या असतात. एका चौरस इंचात चारशेच्या आसपास नळ्या ही नेहमीची रचना आहे. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत थर असतो आणि त्या थरात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम यांचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात. प्लॅटिनम आणि पॅलेडियम यांच्यामुळे कार्बन मोनॉक्साइडचे व न जळलेल्या इंधनाचे ज्वलन पूर्ण होते, तर ऱ्होडियममुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन सुटून साधा नायट्रोजन उरतो. ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायची, तर इंजिनात जाणारे मिश्रण वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा या प्रमाणाच्या अगदी जवळ राहावे लागते. इंजिनाचा संगणक हे प्रमाण सतत थोडे इकडे, थोडे तिकडे झुलवत ठेवतो, आणि थरातील सिरियम ऑक्साइड जास्तीचा ऑक्सिजन साठवून कमतरतेच्या क्षणी परत देते. ही साठवणक्षमता नीट लक्षात ठेवावी, कारण संगणक पुढे जी तक्रार करतो ती याच क्षमतेच्या अंदाजावरून. बाहेर पडणारे विषारी वायू तो प्रत्यक्ष मोजत नाही.

कन्व्हर्टरचे काम साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला सुरू होते आणि रस्त्यावर चालताना तो सहसा ४०० ते ८०० अंशांच्या दरम्यान राहतो. तापमान १००० अंशांच्या पुढे गेले, की ॲल्युमिनाचा थर आकसतो, धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि रासायनिक क्रियेला मिळणारा पृष्ठभाग कायमचा घटतो. त्याहून फार वर, सुमारे १४०० अंशांच्या पुढे, वीट स्वतःच वितळू लागते. हे नुकसान कोणत्याही औषधाने भरून येत नाही. इंधनात टाकायच्या ‘कन्व्हर्टर क्लीनर’च्या बाटल्यांकडून फार अपेक्षा ठेवू नये, असे मी म्हणतो ते याच कारणाने. त्या बाटलीने फार तर काजळीचा आणि इंजेक्टरवरच्या चिकट थराचा काही भाग निघेल.

मेलेला की तुंबलेला?

कन्व्हर्टर दोन अगदी वेगळ्या प्रकारांनी निकामी होतो आणि गॅरेजमध्ये या दोहोंची सर्रास गल्लत होते. पहिल्या प्रकारात वीट जागेवर शाबूत असते, धूर आरपार जातो, पण थरातील क्रियाशीलता संपलेली असते. असा कन्व्हर्टर मेलेला म्हणावा. ट्रकच्या ओढीवर त्याचा परिणाम होत नाही. चेक इंजिनचा दिवा लागतो आणि प्रदूषण तपासणीत वाहन नापास होते, एवढेच. दुसऱ्या प्रकारात वीट वितळते, फुटते किंवा काजळीने बंद होते आणि धुराला वाट उरत नाही. हा तुंबलेला कन्व्हर्टर. यात इंजिन आयडलवर बरे चालते, पण चढावर किंवा भार घेतल्यावर दम टाकते, रेस दिली तरी फेरे एका मर्यादेपुढे जात नाहीत, पिकअप नाहीसा होतो आणि इंधनाचा खप वाढतो. तुंबण्याची अवस्था टोकाला गेली, तर इंजिन सुरू होऊन काही क्षणांत बंद पडते.

म्हणून ‘ट्रक ओढत नाही आणि स्कॅनरवर (संगणकाच्या नोंदी वाचणाऱ्या उपकरणावर) कन्व्हर्टरचा कोड, म्हणजे दोषाचा क्रमांक, आहे’ एवढ्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. ओढ इंधन फिल्टर चोंदल्यामुळे गेलेली असू शकते आणि कोड एखाद्या गळतीमुळे आलेला असू शकतो.

वासावरूनही अशीच फसगत होते. सडक्या अंड्यासारखा वास येऊ लागला की कन्व्हर्टर गेला, असे सर्रास सांगितले जाते. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि इंधनातील गंधकापासून तो बहुधा तेव्हा तयार होतो, जेव्हा मिश्रणात पेट्रोल प्रमाणाबाहेर जास्त असते. वास आला तर आधी मिश्रण तपासावे. कन्व्हर्टर त्या घडीला कदाचित अजून वाचवण्याजोगा असेल.

दोन्ही प्रकारांत पुढे काय करायचे, हेही वेगळे असते. मेलेला कन्व्हर्टर असताना ट्रक चालवल्याने यंत्राचे नुकसान होत नाही, हवेचे होते. दुरुस्तीची आखणी करण्याइतका वेळ हाती असतो. तुंबलेला कन्व्हर्टर असताना मात्र ट्रक चालवत राहू नये. बाहेर न पडणारी उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर साचते, आणि लाल झालेल्या कवचामुळे खालची वायरिंग, रबरी नळ्या व ट्रकखालचे वाळलेले गवत, सगळेच धोक्यात येते.

पी ०४२० दिसला म्हणजे

ओबीडीची, म्हणजे वाहनातच बसवलेल्या स्व-निदान यंत्रणेची, दुसरी पिढी असलेल्या वाहनांत, म्हणजे अमेरिकेत १९९६ पासूनच्या आणि अन्यत्र त्यानंतरच्या वाहनांत, कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे ऑक्सिजन सेन्सर असतात. जुन्या पद्धतीचा पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा वरखाली होतो, कारण मिश्रण झुलत असते. कन्व्हर्टर ऑक्सिजनची साठवण नीट करत असेल, तर मागच्या सेन्सरपर्यंत हा झोका पोहोचत नाही आणि त्याचे व्होल्टेज ०.६ ते ०.७ च्या आसपास जवळजवळ स्थिर राहते. मागचा सेन्सर पुढच्याची नक्कल करू लागला, की संगणक पी ०४२० हा कोड नोंदवतो. व्ही आकाराच्या इंजिनात दुसऱ्या बाजूसाठी पी ०४३० असतो. पहिली बाजू म्हणजे एक क्रमांकाचा सिलिंडर ज्या बाजूला आहे ती. ती चालकाच्या डाव्या हाताला की उजव्या हाताला, हे इंजिनागणिक बदलते, त्यामुळे चुकीच्या बाजूचा कन्व्हर्टर उतरवण्यापूर्वी एकदा पुस्तिकेत पाहावे.

कोड मिळाला की तो लगेच पुसू नये. कोडबरोबर संगणकाने त्या क्षणाची जी नोंद ठेवलेली असते, ती आधी उतरवून घ्यावी: इंजिनाचे तापमान, वेग, भार आणि इंधन-सुधारणेचे आकडे (संगणक पेट्रोल किती टक्के वाढवतो वा घटवतो ते). त्यानंतर अन्य कोड आहेत का ते पाहावे. पी ०३०० ते पी ०३०८ मधला मिसफायरचा (सिलिंडरमधले इंधन न पेटण्याचा) कोड, पी ०१७१ व पी ०१७४ हे मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे, किंवा पी ०१७२ व पी ०१७५ हे ते जास्त असल्याचे कोड सोबत असतील, तर आधी त्यांचा निकाल लावावा. कन्व्हर्टरचा कोड त्या स्थितीत बहुतेक वेळा परिणाम असतो. कूलंटचा तापमान सेन्सर बिघडला किंवा थर्मोस्टॅट उघडाच अडकला, तर इंजिन कायम थंड असल्याच्या समजुतीने संगणक जास्त पेट्रोल देत राहतो. असा किरकोळ भाग महागड्या भागाचा जीव घेतो.

यानंतर गळती शोधावी, आणि येथे घाई करू नये, कारण जुन्या ट्रकमध्ये खोट्या पी ०४२० चे हे मोठे कारण आहे. मॅनिफोल्डचे स्टड गंजून तुटणे, फ्लँजचे गॅस्केट जळणे, सेन्सरच्या बसणीला तडा जाणे, हे सगळे वर्षानुवर्षे तापून थंड होणाऱ्या लोखंडाचे आजार आहेत. छिद्रातून धूर बाहेर येतो हे सर्वांना दिसते. धुराच्या दोन धक्क्यांच्या मधल्या क्षणी त्याच छिद्रातून बाहेरची हवा आत खेचली जाते, हे सहसा ध्यानात येत नाही. ही हवा पुढच्या सेन्सरच्या आधी शिरली, तर संगणकाला मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा भास होतो, तो पेट्रोल वाढवतो, आणि खरोखरच जास्त झालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते. तीच हवा मागच्या सेन्सरजवळ शिरली, तर शाबूत कन्व्हर्टरही संगणकाला मेलेला वाटतो. गळती शोधण्याची उत्तम वेळ म्हणजे सकाळचे पहिले स्टार्ट: लोखंड थंड असताना फटी मोठ्या असतात आणि ‘टिक-टिक’ असा आवाज स्पष्ट येतो, इंजिन तापले की फटी मिटतात आणि आवाज जातो. जोडांच्या आसपास काळे ओरखडे असतील, तर तेही गळतीचेच चिन्ह.

इंधन-सुधारणेचे अल्पकालीन व दीर्घकालीन आकडे मिळून शून्याच्या वरखाली दहा टक्क्यांच्या आत असावेत. त्याहून जास्त धन आकडा म्हणजे संगणक पेट्रोल घालतो आहे, ऋण म्हणजे काढतो आहे. दोन्ही स्थितींत कन्व्हर्टरबद्दलचा निर्णय राखून ठेवावा. गळती नाही, आकडे ठीक आहेत, इंजिन पूर्ण तापलेले आहे आणि तरीही मिनिटाला २५०० फेऱ्यांवर स्थिर धरले असता मागचा सेन्सर पुढच्याच्या तालावर नाचतो आहे, असे दिसले तरच कन्व्हर्टर मेला आहे असे मानावे. काही वाहनांच्या बाबतीत उत्पादकांनी ही चाचणी अवाजवी कडक असल्याचे ओळखून संगणकासाठी सुधारित प्रोग्रॅम दिलेले आहेत. आपल्या इंजिनासाठी तसे काही आहे का, हे अधिकृत सेवा केंद्रात विचारणे नवा भाग घेण्यापेक्षा सोपे आहे.

तापमान मोजून परीक्षा करण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, पण तिला मर्यादा आहेत. चालू कन्व्हर्टरमध्ये उष्णता निर्माण होत असल्याने मागचा नळ पुढच्यापेक्षा जास्त तापलेला असावा, असा तिचा आधार आहे. परंतु इंजिन स्वच्छ चालत असेल, तर आत जाळण्याजोगे फारसे काही येतच नाही आणि फरक अगदी थोडा दिसतो, किंवा आयडलवर दिसतही नाही. शिवाय इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत स्टीलवर बराच कमी आकडा दाखवतो. त्यामुळे दोन्ही ठिकाणी सारख्याच गंजलेल्या, मंद पृष्ठभागावर मोजावे किंवा उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर मोजावे. दोन कन्व्हर्टर असलेल्या व्ही इंजिनात मात्र ही पद्धत फार बोलकी ठरते. दोन्ही बाजूंची तुलना करावी: एकच बाजू वेगळी असेल, तर त्या बाजूच्या सिलिंडरांत दोष शोधावा, दोन्ही कन्व्हर्टर एकाच सुमारास गेले असतील, तर इंधनदाब, हवा मोजणारा सेन्सर, तापमान सेन्सर यांसारखे समाईक कारण शोधावे.

तुंबल्याची खात्री

ट्रक पूर्ण थंड असताना खाली जाऊन रबरी हातोडीने कवचावर हलके ठोकावे. आत खुळखुळ वाजले, तर वीट फुटली आहे आणि निदान तेथेच संपले. आवाज आला नाही, तर मात्र कन्व्हर्टर मोकळा आहे असे सिद्ध होत नाही, कारण वितळलेली वीट घट्ट बसलेली असते.

व्हॅक्यूम गेज असेल, तर ते इनटेक मॅनिफोल्डला जोडावे. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिन आयडलवर १७ ते २१ इंच पारा दाखवते. उंचीवर दर ३०० मीटरमागे सुमारे एक इंच कमी धरावा. आता फेरे २५०० वर नेऊन तेथेच धरून ठेवावेत. काटा क्षणभर पडून पुन्हा आयडलच्या आकड्याजवळ किंवा वर स्थिरावला, तर वाट मोकळी आहे. तो हळूहळू, सेकंदागणिक खाली सरकत राहिला, तर धूर मागे साचतो आहे. इंधन फिल्टर चोंदलेल्या ट्रकमध्ये काटा असा सरकत जात नाही. दोन्ही तक्रारी चालकाला सारख्याच जाणवतात, पण गेजला त्या वेगळ्या दिसतात.

याहून थेट परीक्षा म्हणजे पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावणे. सेन्सरचे आटे सहसा १८ मिलीमीटरचे असतात आणि त्यात बसणारे जोड तयार मिळतात. आयडलवर दाब साधारण दीड पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) आत आणि २५०० फेऱ्यांवर तीनच्या आत असावा. मोजमाप थोडक्यात आटपावे, नाहीतर रबरी नळी वितळते. दाब जास्त निघाला, तरी लगेच कन्व्हर्टरला दोषी ठरवू नये: फुटलेल्या विटेचे तुकडे वाहत जाऊन मफलरमध्ये अडकतात, किंवा दुहेरी भिंतीचा नळ आतून कोसळतो. कन्व्हर्टरच्या मागचा जोड मोकळा करून पुन्हा दाब पाहिला, की अडथळा नेमका कोठे आहे ते कळते.

या सर्व परीक्षा मोकळ्या हवेत कराव्यात. बंद शेडमध्ये चालू इंजिनाखाली झोपून सेन्सरच्या छिद्रातून निघणारा धूर घेणे म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला स्वतःहून बोलावणे आहे, आणि त्या वायूला वास नसतो.

मारेकरी कोण?

सर्वांत मोठा मारेकरी मिसफायर. एका सिलिंडरमधली ठिणगी चुकली, की त्यातले सगळे पेट्रोल आणि सगळी हवा तशीच कन्व्हर्टरमध्ये जाते आणि तेथे जळते. भरधाव चालताना असे होत राहिले, तर थोड्याच अंतरात वीट वितळू शकते. चेक इंजिनचा दिवा स्थिर न राहता लुकलुकू लागतो, तो याच धोक्याची सूचना देण्यासाठी, आणि तो लुकलुकताना भार कमी करून ट्रक बाजूला घेणे हेच शहाणपणाचे आहे. स्पार्क प्लग, प्लगच्या वायरी, इग्निशन कॉइल, गळका इंजेक्टर आणि सिलिंडरचे कॉम्प्रेशन, या क्रमाने तपासावे. कोणता सिलिंडर मिस मारतो हे शोधण्यासाठी चालू इंजिनाची एकेक वायर काढून पाहण्याची जुनी सवय कन्व्हर्टर असलेल्या गाडीवर काही सेकंदांपलीकडे वापरू नये, कारण तीही मिसफायरच घडवते. टाकी पार रिकामी होईपर्यंत ट्रक पळवणे आणि बंद पडलेला ट्रक वारंवार ढकलून सुरू करणे, हेही त्याच कारणासाठी टाळावे.

दुसरा मारेकरी तेल. इंजिन ऑइलमध्ये झीज रोखण्यासाठी जस्त व फॉस्फरस यांचे संयुग असते, आणि झिजलेल्या पिस्टन रिंग किंवा कडक झालेल्या व्हॉल्व्ह सील यांमधून तेल जळू लागले, की फॉस्फरस विटेवर काचेसारखा थर धरतो. नव्या श्रेणींच्या हलक्या पेट्रोल-इंजिन तेलांत फॉस्फरसचे प्रमाण सुमारे ०.०८ टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवले आहे ते यासाठीच. जुन्या इंजिनाला ‘जाड आणि दणकट’ म्हणून डिझेलचे तेल घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. तेल जळत नसेल तर फारसे बिघडत नाही, पण जळत असेल तर कन्व्हर्टरला रोज थोडे विष मिळते. तेलाची पातळी दोन भरण्यांच्या दरम्यान किती उतरते, याची नोंद ठेवल्याशिवाय नवा कन्व्हर्टर बसवू नये.

तिसरा, कूलंट. हेड गॅस्केटमधून सिलिंडरमध्ये झिरपणारे कूलंट आपल्यातील सिलिकेटसकट विटेवर आणि सेन्सरवर पांढरट थर सोडते. पातळी सतत उतरत असेल आणि बाहेर कोठे ओल दिसत नसेल, तर रेडिएटरच्या तोंडाशी रासायनिक द्रव धरून त्याचा निळा रंग पिवळा होतो का ते पाहावे; तसा झाला, तर ज्वलनाचे वायू कूलंटमध्ये येत आहेत. शिसे असलेले पेट्रोल हा एके काळी सर्वांत कुप्रसिद्ध मारेकरी होता, परंतु २०२१ मध्ये अल्जीरियाने त्याची विक्री थांबवल्यानंतर रस्त्यावरच्या वाहनांसाठी ते जगात कोठेच अधिकृतपणे विकले जात नाही.

कार्ब्युरेटरच्या जुन्या ट्रकमध्ये कोड नसतात, तेव्हा धुराच्या विश्लेषकाचाच आधार घ्यावा लागतो. तेथे अडकलेला चोक, जास्त भरलेला फ्लोट आणि कन्व्हर्टरला जादा हवा पुरवणारा पंप व त्याचे एकमार्गी व्हॉल्व्ह आधी पाहावेत. हवाच पोहोचत नसेल, तर कन्व्हर्टर बिचारा कशाच्या जोरावर जाळणार?

डिझेलबद्दल थोडे

डिझेलच्या धुरात ऑक्सिजन नेहमीच भरपूर असतो, त्यामुळे तेथील साधा ऑक्सिडेशन कॅटॅलिस्ट नायट्रोजनचे ऑक्साइड कमी करू शकत नाही. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. तासन्‌तास आयडलवर उभे राहणाऱ्या डिझेल ट्रकमध्ये तापमान कमी राहून विटेच्या तोंडावर काजळी साचते. कॅटॅलिस्टनंतर काजळीचा फिल्टर असेल, तर तो जाळून साफ करण्यासाठी लागणारी सुमारे ५५० ते ६०० अंशांची उष्णता हाच कॅटॅलिस्ट निर्माण करतो. फिल्टर वारंवार भरत असेल आणि सफाईच्या वेळी पांढरा धूर व कच्च्या डिझेलचा वास येत असेल, तर कॅटॅलिस्टच्या आधीचे आणि नंतरचे तापमान स्कॅनरवर पाहावे. नंतरचे वाढतच नसेल, तर फिल्टर बदलून काही साधणार नाही.

नवा कन्व्हर्टर निवडताना

बॉनेटखालच्या लेबलवर इंजिनाचा गट आणि ते वाहन कोणत्या उत्सर्जन-मानकाचे आहे ते लिहिलेले असते. कन्व्हर्टर त्याच्याशी जुळला पाहिजे. फ्लँजसकट तयार येणारा, थेट बसणारा भाग आणि कापून वेल्डिंग करायचा सार्वत्रिक भाग, या दोहोंत मी पहिल्याच्या बाजूने आहे, विशेषतः ओबीडी असलेल्या ट्रकसाठी. स्वस्त सार्वत्रिक कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन साठवणारा थर कमी असला, की धूर पुरेसा स्वच्छ असूनही काही महिन्यांत पी ०४२० परत येतो. भंगारातून काढलेला वापरलेला कन्व्हर्टर घेऊ नये. त्याची उरलेली क्षमता बाहेरून कळत नाही, त्याची विक्री काही ठिकाणी बेकायदा आहे, आणि उंच ट्रकांखालून कन्व्हर्टर कापून चोरण्याचा धंदा जगभर चालत असल्याने तो कोठून आला हेही कळत नाही.

वीट फोडून रिकामे कवच परत बसवणे किंवा मागच्या सेन्सरखाली लांब जोड घालून संगणकाला फसवणे, हे ‘उपाय’ अनेक जण सुचवतात. पुष्कळ देशांत ते गुन्हा आहेत, आणि मूळ दोष त्यांनी जागचा हलत नाही. उलट तो सांगणारा एकमेव साक्षीदार गप्प होतो.

काढणे आणि बसवणे

आदल्या दिवशी सर्व नट-बोल्टांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. दुसऱ्या दिवशी ट्रक सपाट, कडक जमिनीवर उभा करून चाकांना उटी लावाव्यात, जॅकने उचलून चासीखाली पक्के स्टँड द्यावेत. नुसत्या जॅकवरच्या ट्रकखाली कधीही शिरू नये. ऑक्सिजन सेन्सर मात्र नळ कोमट असताना सहज सुटतात, म्हणून इंजिन दोन मिनिटे चालवून, हातमोजे घालून, वायरीला खाच असलेल्या २२ मिलीमीटरच्या सॉकेटने ते आधी काढावेत. बोल्ट हलतच नसेल, तर तो तापवण्यापूर्वी इंधनाची नळी, ब्रेकची नळी आणि वायरिंग किती जवळ आहे ते पाहावे. गंजलेला बोल्ट तुटणारच, असे धरून नवे बोल्ट, नवे गॅस्केट आणि ड्रिल हाताशी ठेवावे. वेल्डिंग करावे लागणार असेल, तर आधी बॅटरीची ऋण तार काढावी.

कवच कापू किंवा उघडू नये. विटेभोवतीच्या चटईत उष्णतारोधक सिरॅमिक तंतू असतात आणि ते फुप्फुसात जाणे घातक आहे. वीट आधीच फुटलेली असेल, तर मास्क लावूनच हात घालावा.

जुना भाग निघाला की त्याच्या तोंडातून उजेडाकडे पाहावे. वितळलेली वीट मिसफायरची साक्ष देते, तोंडावरची कोरडी काळी पूड जास्त पेट्रोलची, आणि पांढरट थर तेलाची किंवा कूलंटची. वीट फुटलेली असेल, तर मफलर काढून झटकावा. इंजिनाला अगदी लगटून बसवलेला कन्व्हर्टर भुगा झाला असेल, तर सिलिंडरमध्ये कण मागे गेले आहेत का, हे बोअरस्कोपने (बारीक नळीच्या कॅमेऱ्याने) पाहून घेणे चांगले.

नव्या कवचावरचा बाण धुराच्या प्रवाहाच्या दिशेने असावा. सर्व जोड आधी सैल बसवून रांग जुळवावी, रबरी हँगर आणि इंजिनाचे माउंट तपासावे, आणि मग पुढून मागे या क्रमाने कसत जावे. ओढून-ताणून जुळवलेला नळ फ्लँजवर ताण ठेवतो आणि तडा तेथेच जातो. कन्व्हर्टरच्या आधीच्या कोणत्याही जोडावर साधे सिलिकोन सीलंट लावू नये. त्याची वाफ सेन्सरला आणि विटेला विषासारखी बाधते. सेन्सरच्या आट्यांना लावायची पेस्ट फक्त आट्यांनाच लागावी, टोकाला नाही, आणि १८ मिलीमीटरच्या सेन्सरला पुस्तिकेत अन्य आकडा नसेल तर साधारण ४० न्यूटन-मीटरचा ताण पुरतो. उष्णता अडवणारे पत्रे पुन्हा जागेवर बसलेच पाहिजेत. केवळ खडखडतात म्हणून ते काढून टाकण्याची पद्धत आगीला निमंत्रण देते.

बसवल्यानंतर

पहिल्यांदा सुरू केल्यावर कवचावरचे तेल आणि चटईतील बंधक द्रव्य जळून काही मिनिटे धूर व वास येतो. त्याने घाबरू नये. इंजिन आयडलवर पूर्ण तापू द्यावे, मगच रेस द्यावी, आणि सर्व जोड गळतीसाठी पुन्हा पाहावेत. कोड पुसल्यावर संगणकाच्या स्वयंचाचण्या कोऱ्या होतात, आणि थंड स्टार्ट, शहरातले चालणे व स्थिर वेगातले चालणे असे मिश्र चालवल्यावरच कन्व्हर्टरची चाचणी पूर्ण होते. प्रदूषण तपासणीच्या दिवशी सकाळी कोड पुसून जाणाऱ्याला याच कारणाने परत यावे लागते. चाचणी पूर्ण झाल्यावर इंधन-सुधारणेचे आकडे आणि मागच्या सेन्सरचे स्थिर व्होल्टेज नोंदवून ठेवावे, म्हणजे पुढे शंका आली तर तुलनेला आधार राहतो. काही दिवस चालवल्यानंतर, ट्रक थंड असताना, फ्लँजचे बोल्ट एकदा पुन्हा कसावेत. जुना कन्व्हर्टर न उघडता, सगळाच्या सगळा पुनर्वापर करणाऱ्याकडे द्यावा. त्यावर कोरलेल्या क्रमांकाचे छायाचित्र आधी काढून ठेवावे, कारण आतील धातूंची किंमत त्या क्रमांकावरूनच ठरवली जाते.